सोपानभाऊ रजिष्टर होतात

सोपानभाऊंचं एकही वाक्य मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. वाक्याचा पहिला भाग ते माझ्या दुकानात बोलायचे, मधला पायरीवर आणि उरलेला नारायणगावच्या रस्त्यावर. तिथं टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपचे हॉर्न आणि 'जुन्नर, जुन्नर, जुन्नर' ओरडणारे जीपवाले तो उरलेला भाग गिळून टाकायचे. मग सोपानभाऊ परत आत यायचे, ते पुढचं वाक्य घेऊनच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे त्यांचं काम झालं की राहिलं, माणूस आला की गेला, हे कळायला मला त्यांच्यामागं रस्त्यावर जावं लागायचं.

माझं दुकान झेरॉक्स आणि टायपिंगचं. नव्वदच्या दशकात असं दुकान म्हणजे तालुक्याचा अर्धा कारभार. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं सगळं आमच्या काचेवरून जायचं. गिऱ्हाइकांसाठी मी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. सोपानभाऊंनी त्या कायम हलवून बाजूला केल्या. त्यांना चालायला वाट लागायची.

मूळचे ते बोरी बुद्रुकचे. धंदा घरं बांधण्याचा. आधी गवंड्याच्या हाताखाली, मग स्वतः गवंडी, मग चार माणसं हाताशी धरून मिस्त्री. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांनी बांधलेली घरं पसरली होती. अंगानं काटक, कानावर पेन्सिल, पायजम्याचा मूळ रंग कोणता होता ते सिमेंटलाच ठाऊक. आणि तोंडात सतत एकच, "आटपा राव, आटपा!" हे ते मजुरांना म्हणायचे, एस.टी.च्या ड्रायव्हरला म्हणायचे, हॉटेलात उकळणाऱ्या चहाला म्हणायचे. एकदा नुकत्याच टाकलेल्या स्लॅबकडे बघून म्हणताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय.

एस.टी. रिकामी असली तरी ते ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभे.

"बसा की भाऊ," ड्रायव्हर म्हणायचा.

"बसून गाडी लवकर जाती का?"

"मग उभं राहून जाती का?"

यावर सोपानभाऊ दांडी दुसऱ्या हातात धरायचे, पण बसायचे नाहीत. न्हाव्याकडे दाढी करताना वाळूचा ट्रक दिसला म्हणून ते एका गालाला फेस तसाच ठेवून धावले होते. ट्रक थेट साइटवर घेऊन गेले, वाळू उतरवली आणि दुसऱ्या दिवशी उरलेली दाढी करायला परत आले. न्हाव्यानं विचारलं, "काल असंच हिंडलात?" तर म्हणाले, "कोण बघतंय? मी कुठं थांबतोय!"

त्यांच्या बायकोचं नाव सरूबाई. सगळे सरूवहिनी म्हणत. ही बाई म्हणजे शांत पाणी. दारात सूप घेऊन निवडत बसलेली असायची आणि नवऱ्याची ये-जा नुसत्या डोळ्यांनी बघायची. "ह्यांना देवानं बूड दिलं," ती मला एकदा म्हणाली, "पन ते कशासाटी असतंय ते सांगायचं इसारला."

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर ते दोघं बोलत नसत, आणि बोरीतली माणसंही विचारून विचारून शेवटी गप्प झाली होती.

तर अशा या माणसाला एक दिवस रजिस्टर्ड कंत्राटदार व्हायचं वेड लागलं. त्याचं असं झालं.

शेजारच्या एका गावात समाजमंदिर बांधायचं काम निघालं होतं. काम सरकारी, म्हणजे ते नोंदणी असलेल्या कंत्राटदारालाच मिळणार. ते मिळालं पुण्याच्या एका सफारीवाल्याला. त्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते सोपानभाऊंच्या गळ्यात घातलं. लायसन त्याचं, घाम यांचा. सोपानभाऊंनी ते देखणं बांधलं. उद्घाटनाला पाहुणे आले, बोरीतली निम्मी माणसं आली, मंडप पडला, कोनशिलेवरचा पडदा सरला. मी टाइप केलेली कार्यक्रमपत्रिका वाटली होती म्हणून मलाही बोलावणं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी सोपानभाऊंना खुर्चीत बसलेलं पाहिलं. धुतलेले कपडे, हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखे.

माइकवरून सूत्रसंचालक म्हणाले, "आणि आता, ज्यांनी ही सुंदर वास्तू आपल्या गावात उभी केली, त्यांचा सत्कार."

सोपानभाऊ उठले. पलीकडून सफारीवालाही उठला. क्षणभर दोघंही उभे. मग मागच्या रांगेतल्या एकानं सोपानभाऊंचा शर्ट खाली ओढला. "बसा भाऊ. तुमी न्हाई, ते."

लोक हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. सोपानभाऊही हसले आणि बसले. सफारीवाल्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि कोनशिलेवर 'कंत्राटदार' या शब्दापुढं त्याचं नाव होतंच.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर सोपानभाऊ हजर.

"ओ झेरॉक्स, रजिष्टर व्हायला काय काय लागतं?" आणि ते उत्तर न ऐकताच रस्त्यावर गेले.

लागतं बरंच. कंत्राटदाराची नोंदणी वर्गावर असते. जेवढा वरचा वर्ग तेवढी मोठी कामं. अगदी खालच्या वर्गात जायचं तरी अर्ज, फोटो, प्रतिज्ञापत्र, ऐपतीचा दाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, पूर्वीच्या कामांचे दाखले, यंत्रसामग्री असल्याचा पुरावा. ऐपतीच्या दाखल्याला ऑफिसात सॉल्व्हन्सी म्हणत. सोपानभाऊ त्याला 'सालवंशी' म्हणायचे, आणि ते इतकं मायेनं की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या मामेबहिणीचं नाव आहे. "सालवंशी कुटवर आली?" "सालवंशीसाटी जुन्नरला चाललोय." "सालवंशीनं लई दमवलं राव."

चारित्र्याच्या दाखल्यासाठी ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, "एकही गुन्हा नाही? भाऊबंदकी, बांधावरून हाणामारी, काहीच नाही?"

"न्हाई."

"कसं काय?"

"टाइम कुटं व्हता?" सोपानभाऊ म्हणाले आणि व्हरांड्यात फेरी मारायला गेले. हवालदार मला म्हणाला, "हे एवढे येरझाऱ्या का घालतायत? मला संशय येतोय."

पुण्याच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात अर्जाची चौकशी करायला आम्ही दोघं गेलो. तिथले क्लार्क मोठे सज्जन गृहस्थ. चष्मा पुसत, हळूहळू बोलत. सोपानभाऊंना नेमका असा माणूस सोसत नसे.

"पूर्वी केलेल्या सरकारी कामाचा दाखला आहे?" क्लार्कनं विचारलं.

"रजिष्टर नसताना सरकारी काम कोन देनार?"

"नोंदणीशिवाय काम मिळत नाहीच."

"मग दाखला?"

"काम केल्यावर मिळतो."

"आन् रजिष्टर?"

"दाखला आणल्यावर."

तोपर्यंत सोपानभाऊ टेबलांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते आणि क्लार्क खुर्चीतून वाकून वाकून त्यांना उत्तरं देत होते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "हे बघा, अगदी खालच्या वर्गासाठी खाजगी कामांचे दाखलेही चालतील. ज्यांची घरं बांधलीत, त्यांच्याकडून लिहून आणा. आणि कृपा करून एका जागी उभे राहा. माझी मान दुखायला लागली."

मग सोपानभाऊ दाखले गोळा करायला निघाले. मला वाटलं, दोन दिवसांत उरकतील. पण जिथं जावं तिथं चहा, जेवण, पोराबाळांची विचारपूस, वरच्या खोलीचा विषय. हा आटप आटप करणारा माणूस एकेका घरातून संध्याकाळी बाहेर पडायला लागला. आणि माणसांनी लिहिलंही मनापासून. पिंपळवंडीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "सोपानभाऊंनी आमचं घर बांधलं असून घर उत्तम आहे. स्वयंपाकाचा ओटा किंचित उंच झाला असून मंडळींचे खांदे दुखतात, तरी तो कमी करून द्यावा, ही विनंती."

क्लार्कनं तो दोनदा वाचला. "हा दाखला आहे की तक्रार?"

"दोनी हाय," सोपानभाऊ म्हणाले. "वटा दिवाळीच्या आत करून देतोय."

राहता राहिला काँक्रीटचा मिक्सर. यंत्रसामग्री प्रत्यक्ष पाहून तसं लिहून द्यायला एक तरुण इंजिनिअर साहेब स्कूटरवर माझ्या दुकानात आले. मिक्सर होता सोपानभाऊंचाच, पण त्यांचा मेहुणा, म्हणजे सरूवहिनींचा भाऊ दत्तू, तो अधूनमधून वापरायला न्यायचा. त्या दिवशी मिक्सर मंचरला होता. आम्ही मंचरला गेलो. पुढं सोपानभाऊंची मोटारसायकल, मागं मी, आणि आमच्यामागं स्कूटरवर साहेब. मंचरला कळलं की दत्तूनं तो सकाळीच घोडेगावला नेला. घोडेगावला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "आत्ताच गेला की ट्रॅक्टरच्या मागं बांधून. तुमाला वाटंत न्हाई दिसला?"

साहेबांचा चेहरा बदलायला लागला. "मिक्सर नक्की आहे ना?"

"हाय म्हंजे? पळतोय न्हाई का!" सोपानभाऊ म्हणाले. आपला मिक्सर पळतो, याचाही त्यांना थोडा अभिमान वाटलेला मला दिसला.

परतीच्या वाटेवर एका वळणाला तो सापडला. ट्रॅक्टरच्या मागं डुगडुगत चाललेला. सोपानभाऊंनी मोटारसायकल आडवी घातली, ट्रॅक्टर थांबवला आणि हात पसरून म्हणाले, "हा बघा, साहेब!"

"चालू करून दाखवा."

भर रस्त्याच्या कडेला मिक्सर चालू झाला. आत खडी नाही, वाळू नाही, नुसता पत्र्याचा ढोल गडगडत फिरतोय. मागं एस.टी. थांबली. प्रवासी खिडक्यांतून बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय चाललंय?" कंडक्टर म्हणाला, "परीक्षा चाललीय मिक्सरची." साहेबांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, आणि एस.टी.तल्या लोकांनी कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवल्या.

नोंदणी झाली. वर्ग सगळ्यात खालचा. सोपानभाऊंनी तो बोटांवर उलटा मोजला आणि म्हणाले, "खालनं पहिला." दुकानात पेढे वाटले. मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवर रंगाऱ्याकडून 'शासकीय नोंदणीकृत कंत्राटदार' असं लिहून घेतलं. पाटी लहान पडल्यामुळे 'कंत्राटदार'मधला 'दार' खाली, चाकाच्या पत्र्यावर आला. बूथवरून फोन करताना ते "हॅलो, शासकीय नोंदणीकृत सोपान बोलतोय" असं म्हणायला लागले. पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवून द्यायचा.

पहिलं काम मिळालं ते घोडेगावच्या पुढं एका आडरस्त्यावरची मोरी. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जावं म्हणून बांधतात तसली. सोपानभाऊंनी ती जीव लावून बांधली. काम पुरं झालं त्या दिवशी ते सरूवहिनींना आणि मला घेऊन गेले. सोबत नारळ, हार, पेढ्यांचा पुडा. मोरीचं उद्घाटन कोणी करत नाही. पण सोपानभाऊंच्या डोक्यात असावं की वाटेनं जाणारा-येणारा थांबेल, विचारेल, पेढा खाईल.

आम्ही वाट बघत राहिलो. एक जीप आली. ती जराही हळू न होता मोरीवरून निघून गेली. मग एक दुधाची गाडी, मग दोन मोटारसायकली. कोणी थांबलं नाही. खाली मोरी आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"भाऊ, चांगली मोरी अशीच असते," मी म्हणालो. "वाईट असती तर गचका बसला असता. मग थांबले असते."

ते मोरीवरून गेले, खाली उतरले, आतून वाकून पलीकडे निघाले, परत वर आले. मग म्हणाले, "मोरीत कोन ऱ्हातंय?"

"काय म्हणालात?"

"घर बांदलं की मानसं येत्यात. भितीला हात लावत्यात. बाया भांडत्यात, फळी हितं पायजे व्हती, खुटी तितं पायजे व्हती. वास्तुशांतीला बोलावत्यात. हितं कोन येनार?"

सरूवहिनींनी नारळ मोरीच्या कठड्यावर फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला. पेढे आम्ही तिघांनीच खाल्ले.

त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांनी तशीच कामं केली. कुठं गटार, कुठं कुंपणाची भिंत. खाजगी घरांची कामं त्यांनी कमी केली होती आणि त्यांची अस्वस्थता वाढली होती. पूर्वी ते माझ्या दुकानातून रस्त्यापर्यंत जायचे, आता पार एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन यायला लागले. आणि अशातच बातमी आली की बोरीच्या शाळेच्या नव्या खोल्यांचं काम निघणार आहे.

बोरी म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव. तिथली कोनशिला, तिच्यावर 'कंत्राटदार' या शब्दापुढं त्यांचं नाव. आणि समोर तीच माणसं बसलेली, ज्यांनी समाजमंदिरात त्यांना खाली बसताना पाहिलं होतं. सोपानभाऊ माझ्यासमोर हे काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात ते रोज शाळेवरून चक्कर मारायचे, हे मला सरूवहिनींनी सांगितलं.

फक्त एक अडचण होती. त्यांच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. नूतनीकरण वेळेत झालं तरच टेंडर भरता येणार, आणि मुदतीचा दिवस टळला की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा सगळे दाखले. आम्ही कागद जमवले, पण ऐनवेळी सालवंशी अडली. ती हातात पडली मुदतीच्या आदल्या दिवशी.

शेवटच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही पुण्याला निघालो. सोपानभाऊंच्या अंगावर नवा कोरा पांढरा सदरा-पायजमा होता. हातात फाइल, आणि काखेत एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून गुलाबी कापड डोकावत होतं.

"हे काय?"

"फेटा. निमगाव सावाला लगीन हाय. कमलताईच्या मनीषाचं. दुपारचा मुहूर्त हाय, त्याच्या आत पोचायचंय."

कमलताई म्हणजे त्यांनी पूर्वी कधीतरी घर बांधून दिलेल्या एका शेतकऱ्याची बायको, एवढंच मला माहीत होतं. सोपानभाऊंना अशी लग्नाची आमंत्रणं ढिगानं यायची.

"पोचू की," मी म्हणालो. "अक्षतांना नाही तर जेवणाला पोचू."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. तेच चष्म्याचे क्लार्क. त्यांनी कागद तपासले, सगळे बरोबर निघाले. "आता एकच राहिलं. या हमीपत्रावर साहेबांच्या समोर सही करायची. साहेब साइटवर गेलेत. दोनपर्यंत येतील. बसा."

सोपानभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आदी न्हाई येनार?"

"नाही हो. लांब गेलेत."

सोपानभाऊ व्हरांड्यात गेले, परत आले, परत गेले. मी त्यांच्यामागं. खाली रस्त्यावर शिवाजीनगर स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा दिसत होत्या.

"झेरॉक्स, चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"निमगावला."

"भाऊ, डोकं ठिकाणावर आहे का? बोरीची शाळा आहे! तीन-चार तास फक्त. इतकी वर्षं धावलात, आज तेवढं थांबा."

क्लार्कही उठून आले. "काका, आजचा दिवस गेला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय."

सोपानभाऊंनी त्यांना हात जोडले. "तुमी लई मदत केली. सायबाला सांगा, मला थांबता न्हाई आलं. घरी कार्य हाय."

"घरी? कोणाचं लग्न?"

"भाचीचं."

मी चमकलो. सोपानभाऊंना बहीण नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एस.टी. मिळाली, पण खेडच्या घाटात गाड्या अडकल्या. पुढं ट्रक बंद पडला होता म्हणे. सोपानभाऊ थोडा वेळ ड्रायव्हरमागं उभे राहिले आणि मग सरळ खाली उतरून चढाला लागले. मी धापा टाकत त्यांच्याबरोबर. थांबलेल्या ट्रकांच्या कडेकडेनं चालत त्यांनी मला ते सांगितलं.

"कमलताईचं घर बांदत व्हतो तवा मनीषा रांगत व्हती. ताई सोता पानी मारायची भितीला. पोरीला ठिवनार कुटं? मी परांचीच्या बांबूला झोळी बांदली. एका हातानं वीट लावायची, एका हातानं झोका द्यायचा. रडायची न्हाई अजाबात. मी थांबलो की रडायची."

"मग?"

"काम चालू असतानाच दिवाळी आली. भाऊबीजेला ताईनं पाट मांडला. म्हनली, मला भाऊ न्हाई, बसा. मी बसलो. ओवाळनीत काय टाकायचं? खिशात खिळे व्हते राव." ते हसले आणि टोपीनं कपाळ पुसलं. "मग दुसऱ्या दिवशी देवघराच्या भितीत दिव्यापुरती देवळी काडून दिली. ठरल्यात नव्हती ती. तवापसनं दर भाऊबीजेला जातो."

घाटाच्या वर एक जीप मिळाली. नारायणगावला उतरून त्यांची मोटारसायकल काढली आणि आम्ही निमगाव सावाच्या रस्त्याला लागलो. मांडव दिसायच्या आधी लाउडस्पीकर ऐकू आला.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं. मुलीच्या मामांनी लवकर यावं. मुहूर्ताची वेळ होत आलेली आहे."

जरा वेळानं आवाज चिडलेला. "मामा कुठे आहेत? मामांनी कृपया चहा सोडून मांडवात यावं."

मांडवाच्या तोंडाशी सरूवहिनी उभ्या होत्या. त्या सकाळपासून तिथंच होत्या. मला नंतर कळलं की वराकडच्या मंडळींची घाई सुरू झाल्यावर कोणीतरी एका लांबच्या चुलतमामाला पुढं केलं होतं, आणि मनीषा जागची हलली नव्हती. "माझे मामा येत्यात," एवढंच ती म्हणत होती. सरूवहिनींनी नवऱ्याच्या डोक्याला फेटा गुंडाळला, सदऱ्यावरची घाटातली धूळ पदरानं झटकली आणि त्यांना घरात मनीषाकडे ढकललं.

मनीषाचा हात धरून सोपानभाऊ मांडवात आले. तिचा शालू सारखा पायात येत होता. ते तिच्या पावलाला पाऊल लावून, एका हातानं शालूचा काठ सावरत, बोहल्यापर्यंत चालत गेले. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या पाठीशी उभे होते. फेटा एका कानावर आला होता, पण तो नीट करायला त्यांनी हात वर केला नाही.

जेवणं झाल्यावर मी विषय काढलाच. "भाऊ, रजिस्ट्रेशन गेलं."

"करू परत," ते म्हणाले, आणि बुंदीची परात घेऊन पंगतीत वाढायला गेले.

परत त्यांनी ते केलं नाही. बोरीच्या शाळेच्या खोल्या दुसऱ्याच एकाच्या नावावर झाल्या आणि त्याच्या लायसनवर सोपानभाऊंनीच त्या बांधल्या. कोनशिलेवर अर्थातच त्याचं नाव. उद्घाटनाच्या दिवशी सोपानभाऊ पिंपळवंडीला कुणाच्या तरी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकत होते. मी विचारलं, जायचं नव्हतं का? तर म्हणाले, स्लॅबवाल्या बाईनं जेवायला थांबवलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी निमगावात ऊन उतरायला लागलं आणि मनीषाची पाठवणी सुरू झाली. नवऱ्याकडचे मंचरच्या बाजूचे. गाडीला फुलं बांधली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मनीषा आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पाया पडली, आणि मग सोपानभाऊंच्या पुढं येऊन वाकली. त्यांनी तिला उठवलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"सासरचं घर किती सालचं हाय गं?" ते म्हणाले.

रडता रडता तिला कळेना. "नवीनच हाय मामा. गेल्या साली बांदलं."

"नव्या घराला ओल येती. भितीला हात लावून बघत जा. आली की कळव. मी लगीच येतो."

"आन् न्हाई आली तर?"

सोपानभाऊंचा हात कानावरची पेन्सिल शोधायला गेला, तिथं फेटा होता.

सरूवहिनी पुढं झाल्या, त्यांनी मनीषाच्या ओटीतला नारळ नीट केला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"न्हाई आली तरी कळव, बाई," त्या म्हणाल्या.